‘सेट’ : अर्थ, पर्याय आणि प्रकरण

इंग्रजीत तीन अक्षरांत लिहिला जाणारा ‘सेट’ हा शब्द क्रियापद आहे, नाम आहे आणि विशेषणही आहे. क्रियापद म्हणून त्याचे वर्तमानकाळाचे, भूतकाळाचे आणि कृदन्ताचे रूप एकच राहते. रूप बदलत नाही. बदलतो तो अर्थ. १९८९ साली वीस खंडांत प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती. तिच्यात सुमारे ४३० अर्थ दिले होते आणि त्यांच्या स्पष्टीकरणाला व उदाहरणांना जवळपास ६०,००० शब्द लागले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ या क्रियापदाची नोंद नव्याने लिहिली गेली. २०११च्या सुमारास तिच्यातील अर्थांची संख्या ६४५ झाली आणि पहिला मान तिकडे गेला. तरीही अनेकार्थी शब्दाचे उदाहरण म्हणून आजही ‘सेट’चेच नाव आधी घेतले जाते.

सर्वाधिक अर्थ नेहमी लहान, जुन्या आणि रोजच्या क्रियापदांकडे जमा होतात. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत ज्या क्रियापदांनी कोशकाराचे श्रम वाढवले त्यांची यादी दिली आहे. ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘गो’, ‘रन’, ‘मेक’, ‘टेक’ यांच्या पंक्तीत तिथे ‘सेट’ही आहे. अशा क्रियापदांचा स्वतःचा अर्थ इतका व्यापक असतो की शेजारचे नाम त्याला हवा तो आकार देते. मराठीतील ‘लावणे’, ‘काढणे’, ‘घालणे’, ‘बसणे’ ही क्रियापदे याच जातीची आहेत.

दोन उगम

‘सेट’ हे क्रियापद प्राचीन इंग्रजीतील ‘सेटान’ या धातूपासून आले. जर्मन ‘झेत्सेन’ आणि डच ‘झेटेन’ ही त्याची भावंडे. ‘सेटान’ हे ‘सिट’ म्हणजे बसणे या क्रियापदाचे प्रयोजक रूप होते. ‘सिट’ म्हणजे बसणे, तर ‘सेट’ म्हणजे बसवणे. या शब्दकुलाचे मूळ भारतीय-युरोपीय भाषांच्या समान पूर्वभाषेत आहे आणि त्याच मुळापासून संस्कृतातील ‘सद्’ हा धातू आला. सदन, संसद, परिषद, उपनिषद हे शब्द त्याच धातूचे. लॅटिनमधील बसण्याचा धातूही याच कुळातला.

नामाची गोष्ट वेगळी आहे. ‘समूह’ या अर्थाचे ‘सेट’ हे नाम मुख्यतः प्राचीन फ्रेंचमधील ‘सेत’ या शब्दावरून आणि तो लॅटिनमधील ‘सेक्टा’ या शब्दावरून आला. ‘सेक्टा’ म्हणजे एका मार्गाने जाणाऱ्यांचा, एखाद्याला अनुसरणाऱ्यांचा गट. पंथ या अर्थाचा इंग्रजी ‘सेक्ट’ हा शब्दही तोच. त्यामागे ‘अनुसरणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे आणि संस्कृतातील ‘सच्’ हा धातू त्याच मुळाचा आहे. ‘सचिव’ म्हणजे मुळात सोबती, साथ देणारा. म्हणजे इंग्रजीतील ‘सेट’ या एका ध्वनीखाली दोन कुळे नांदतात. क्रियापदाचे नाते ‘संसदे’शी आहे, तर समूहवाचक नामाचे ‘सचिवा’शी.

कालांतराने बोलणाऱ्यांना हा भेद जाणवेनासा झाला. ‘एकत्र मांडलेल्या वस्तू’ असा अर्थ क्रियापदातूनही सहज निघतो, म्हणून दोन्ही कुळे एकमेकांत मिसळली. भाषाशास्त्रात एकाच शब्दातून फुटलेल्या अनेक अर्थांना अनेकार्थता म्हणतात आणि मुळात भिन्न असलेले शब्द योगायोगाने सारखे दिसू लागले तर त्यांना समरूप शब्द म्हणतात. कोशकार समरूप शब्दांना स्वतंत्र नोंदी देतो आणि अनेकार्थी शब्दाचे अर्थ एकाच नोंदीत क्रमांक घालून देतो. ‘सेट’ या दोन्ही खात्यांत जमा आहे.

बसवणे हा गाभा

क्रियापदाचे शेकडो अर्थ वरवर पाहता विस्कळीत वाटतात. पण त्यांतील बहुतेकांचा धागा ‘एखादी गोष्ट ठरावीक जागी, टिकेल अशी ठेवणे’ या क्रियेपाशी पोहोचतो. सोनार कोंदणात हिरा बसवतो, वैद्य निखळलेले हाड बसवतो, गृहिणी खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवते. इंग्रजीत या तिन्ही क्रिया ‘सेट’नेच सांगतात. हाडवैद्याला इंग्रजीत ‘बोनसेटर’ म्हणतात. शिकारीचा माग लागताच दबून बसणाऱ्या कुत्र्याच्या जातीचे नाव ‘सेटर’ आहे. छापखान्यात शिशाचे खिळे ओळीने जुळवण्याचे काम ‘टाइपसेटिंग’ झाले. सुतारकामात करवतीचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित वाकवण्यालाही ‘सेट’च म्हणतात. त्यामुळे कापाची फट पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडते आणि करवत लाकडात अडकत नाही.

जागेवरून अर्थ ‘योग्य स्थितीत आणणे’कडे सरकतो. घड्याळाचा गजर, उंदराचा सापळा, यंत्राचे तापमान आणि जेवणाचे टेबल ही सगळी ‘सेट’ करतात. पुढची पायरी अमूर्ताची. तारीख, किंमत, अट, उद्दिष्ट, प्रश्नपत्रिका, पायंडा, विक्रम यांपैकी एकही गोष्ट हाताने उचलून ठेवता येत नाही. तरी त्या ‘ठरवून स्थिर केल्या’ जातात, एवढ्या साम्यावर क्रियापद तिथवर पोहोचते. कथा एखाद्या गावात ‘सेट’ असते, कवितेला चाल लावणे हेही ‘सेट’ करणे असते. भारतीय शब्दशक्तीच्या परिभाषेत ही लक्षणा आहे. मुख्य अर्थाला बाध आला की त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ घेतला जातो आणि वापर रुळला की ती रूढी होते. रूढ झालेली लक्षणा कोशात नव्या क्रमांकाने नोंदली जाते. ४३० अर्थांपैकी मोठा भाग असाच तयार झाला.

‘सेट’च्या एकेका प्रयोगाला मराठीत वेगवेगळी क्रियापदे लागतात. गजर लावतात, टेबल मांडतात, प्रश्नपत्रिका काढतात, पायंडा पाडतात, अट घालतात, तारीख ठरवतात, विक्रम करतात. यावरून इंग्रजी शब्द ढोबळ आणि मराठी काटेकोर असा निष्कर्ष मात्र निघत नाही. ‘बसवणे’ हे मराठी क्रियापद घेतले तर गणपती बसवतात, नाटक बसवतात, घडी बसवतात, जम बसवतात, दंड बसवतात, वचक बसवतात. यांतील प्रत्येकाला इंग्रजीत निराळा शब्द लागेल. बसवण्याच्या मूळ क्रियेपासून दोन्ही भाषा निघाल्या, काही वाटा समांतर गेल्या आणि काही फुटल्या. हिरा आणि हाड हा समांतर भाग, तर वचक आणि विक्रम हा फुटलेला.

स्वतः घट्ट होणे

क्रियापद अकर्मक झाले की ‘सेट’ होणारी वस्तू स्वतःच स्थिर किंवा घट्ट होते. जेली, काँक्रीट, गोंद, प्लॅस्टर यांच्याबाबतीत हाच अर्थ असतो. सूर्य क्षितिजाखाली जातो तेव्हाही इंग्रजीत तो ‘सेट’ होतो. ‘सनसेट’ म्हणजे सूर्यास्त. वरून खाली येऊन विसावण्याची कल्पना त्यात आहे. ऋतू किंवा आजार ‘सेट इन’ होतो तेव्हा तो आल्यावर मुक्काम करतो.

सर्वसाधारण वापरातला असा सैल अर्थ एखादी विद्याशाखा काटेकोर करून घेते. बांधकामातील सिमेंट हे त्याचे चांगले उदाहरण आहे. सिमेंट ‘सेट’ होणे म्हणजे वाळणे नव्हे. पाण्याशी रासायनिक अभिक्रिया होऊन लगद्याची लवचिकता जाणे. साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी आयएस २६९ हे भारतीय मानक प्रारंभिक ‘सेटिंग’ला किमान ३० मिनिटे आणि अंतिम ‘सेटिंग’ला कमाल ६०० मिनिटे अशी मर्यादा घालते. फ्रेंच अभियंता लुई विका यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकरणाची सुई लगद्यात किती खोल शिरते, यावरून ही वेळ ठरते. त्यानंतरही सिमेंटची ताकद वाढत राहते आणि ती सहसा २८ दिवसांनी मोजतात. त्या प्रक्रियेला ‘सेटिंग’ न म्हणता ‘हार्डनिंग’ म्हणतात. बोलीत जे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालतात, ते अभियंत्याच्या वहीत चालत नाहीत.

संच, गट आणि डाव

नाम म्हणून ‘सेट’चा मुख्य अर्थ एकमेकांना जोडून असलेल्या वस्तूंचा किंवा माणसांचा समूह. चहाच्या कपबशांचा, दागिन्यांचा, पुस्तकांच्या खंडांचा ‘सेट’ असतो. या अर्थात पूर्णतेची अपेक्षा दडलेली आहे. सहापैकी एक कप फुटला तर ‘सेट’ अपुरा होतो, ढिगाऱ्यातला एक दगड गेला तर ढीग अपुरा होत नाही. माणसांच्या बाबतीत तो एकाच वर्तुळात वावरणाऱ्या मंडळींना लावतात. टेनिसमध्ये ठरावीक गेम जिंकून एक ‘सेट’ पुरा होतो. सामान्यतः सहा गेम आणि दोनची आघाडी पुरते, पण निर्णायक ‘सेट’ला टायब्रेक नसताना २०१०च्या विम्बल्डनमध्ये जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा पाचवा ‘सेट’ ७०–६८ असा संपला. रंगमंचावरील उभारणी, चित्रीकरणाची जागा, व्यायामात एका दमात केलेल्या आवर्तनांचा गट, दूरचित्रवाणीचे यंत्र हे सगळे याच नामाचे अर्थ आहेत.

गणिताने या नामाला स्वतंत्र आयुष्य दिले. गेओर्ग कँटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनंत समूहांचा सिद्धांत मांडला तेव्हा जर्मनमध्ये ‘मेंगे’ हा शब्द वापरला. फिलिप जॉर्डेन यांनी १९१५मध्ये कँटर यांचे लेखन इंग्रजीत आणले तेव्हा ‘मेंगे’साठी ‘ॲग्रिगेट’ हा शब्द योजला होता. ‘सेट’ हा शब्द नंतर सर्वमान्य झाला. मराठीत त्यासाठी ‘संच’ रूढ आहे आणि महाराष्ट्राच्या नववीच्या गणितात त्याच नावाचे प्रकरण आहे. गणिती संचात घटकांचा क्रम आणि पुनरावृत्ती गणली जात नाही; ‘काका’ या शब्दातील अक्षरांच्या संचात ‘का’ हा एकच घटक असतो. अर्न्स्ट झर्मेलो यांनी १९०८मध्ये या सिद्धांताची गृहीतके मांडली. गृहीतकांवर उभारलेल्या मांडणीत संचाची व्याख्या दिली जात नाही. संचांनी कोणते नियम पाळावेत एवढेच सांगितले जाते. कोशात शेकडो अर्थांनी ज्याची व्याख्या केली जाते, तोच शब्द गणितात अव्याख्यात राहतो.

अव्ययांची भर

‘सेट’पुढे छोटे अव्यय आले की अर्थ पुन्हा पालटतो. ‘सेट आउट’ आणि ‘सेट ऑफ’ म्हणजे निघणे. ‘सेट ऑफ’चे आणखी दोन अर्थ आहेत: स्फोट घडवणे आणि हिशेबात येणे-देणे परस्पर वळते करणे. ‘सेट अप’ म्हणजे उभारणे, पण बोलीत एखाद्याला कटात गोवणेही. ‘सेट बॅक’ म्हणजे मागे ढकलणे, त्यावरून अडथळा या अर्थाचा ‘सेटबॅक’ झाला. ‘सेट असाइड’ची दोन रूपे भाषांतर करणाऱ्याला नेहमी भेटतात. घरखर्चात तो पैसे बाजूला काढून ठेवणे असतो, तर न्यायालयात आदेश रद्दबातल ठरवणे. १९९६च्या लवाद व सलोखा कायद्याच्या कलम ३४मध्ये लवादाचा निवाडा ‘सेट असाइड’ करण्याची तरतूद आहे. तिथे ‘बाजूला ठेवणे’ हे भाषांतर अर्थाचा अनर्थ करील. अव्यय आधी चिकटूनही शब्द तयार होतात: ऑनसेट, आउटसेट, ऑफसेट, सबसेट, अपसेट. यांतील ‘अपसेट’ हे क्रियापद मध्ययुगीन इंग्रजीत ‘उभारणे’ या अर्थाने वापरत. पुढे ते ‘उलथवणे’ आणि मग ‘मन बिघडवणे’ असे उलट दिशेला गेले.

पर्याय शब्दाला नसतो, अर्थाला असतो

‘सेट’ला समानार्थी शब्द कोणता, या प्रश्नाला एक उत्तर नाही. ‘पुट’, ‘फिक्स’, ‘हार्डन’, ‘सिंक’, ‘ग्रुप’ हे पाचही शब्द त्याचे पर्याय आहेत आणि तरी त्यांचे आपसात काही नाते नाही. ‘हार्डन’ आणि ‘सिंक’ यांना जोडणारा दुवा फक्त ‘सेट’ आहे. म्हणजे पर्याय हा संपूर्ण शब्दाचा नसून त्याच्या एकेका अर्थाचा असतो.

एका अर्थाच्या पर्यायांतही छटा असतात. ‘ठेवणे’ या अर्थाच्या शब्दांत ‘पुट’ सर्वांत निर्गुण. कसे ठेवले याचा त्यात उल्लेख नाही. ‘प्लेस’मध्ये जागेची निवड आणि काळजी आहे. ‘ले’ म्हणजे आडवे, पसरून ठेवणे. ‘सेट’मध्ये ठाम, ठरवून ठेवणे आहे. मराठीत ठेवणे, मांडणे, पसरणे, टेकवणे, बसवणे ही क्रियापदे असेच काम वाटून घेतात. ‘घट्ट होणे’ या अर्थात इंग्रजी ‘सेट’, ‘काँजील’, ‘क्लॉट’, ‘कर्डल’ असे शब्द पदार्थ पाहून निवडते. मराठीतही तूप थिजते, रक्त साखळते, दही लागते. समूहवाचक पर्यायांमध्ये ‘सिरीज’ला क्रम लागतो, ‘किट’ला उपयोग, ‘बॅच’ला एकाच वेळी तयार होणे, तळणीच्या बाबतीत मराठी त्याला ‘घाणा’ म्हणते आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत ‘तुकडी’. ‘क्लीक’ हा शब्द नापसंती दाखवतो, जशी मराठीत ‘मंडळी’च्या जागी ‘कंपू’ म्हटल्याने दिसते. दोन शब्द कोणत्याही वाक्यात, कोणाच्याही तोंडी परस्परांच्या जागी चालतील अशी जोडी क्वचितच सापडते.

पर्यायांचा कोश याच तत्त्वावर बेतावा लागतो. इंग्रजीतील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पीटर मार्क रॉजे यांचा १८५२ साली निघालेला ‘थिसॉरस’. पेशाने वैद्य आणि अनेक वर्षे रॉयल सोसायटीचे सचिव असलेल्या रॉजे यांनी शब्द अकारविल्हे न लावता कल्पनांचे सहा वर्ग आणि त्यांखाली एक हजार शीर्षके केली. ‘सेट’सारखा शब्द त्यात एका जागी राहूच शकत नाही; स्थान, घनता, समूह, निश्चय अशा शीर्षकांखाली तो पुन्हापुन्हा येतो. अशा कल्पनानिष्ठ रचनेचे आपल्याला ज्ञात असलेले सर्वांत जुने उदाहरण म्हणून रॉजे यांनी प्रस्तावनेच्या टीपेत अमरकोशाचा आणि हेन्री कोलब्रुक यांनी केलेल्या, १८०८ साली श्रीरामपूरला छापलेल्या त्याच्या इंग्रजी अनुवादाचा उल्लेख केला आहे.

या संस्कृत कोशाचा कर्ता अमरसिंह याने पर्याय आणि अनेकार्थ यांची फारकत स्पष्ट केली होती. स्वर्गवर्ग, भूमिवर्ग, पुरवर्ग अशा विषयवार वर्गांत एका वस्तूची अनेक नावे आहेत आणि तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग स्वतंत्र आहे, ज्यात एका नावाचे अनेक अर्थ दिले आहेत. पर्याय शोधणारा अर्थाकडून शब्दाकडे जातो, म्हणून तिथे मांडणी विषयानुसार. अर्थ शोधणारा शब्दाकडून अर्थाकडे जातो, म्हणून नानार्थवर्गाची मांडणी शब्दाच्या अंत्य व्यंजनानुसार. ‘थिसॉरस’ आणि ‘डिक्शनरी’ यांच्यातील फरक हाच आहे.

अर्थ कसा ठरतो

४३० अर्थांचा शब्द ऐकणाऱ्याचा गोंधळ उडवीत नाही, कारण वाक्यात तो एकटा येत नाही. सुमारे पाचव्या शतकातील वैयाकरण भर्तृहरीने वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडात अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या गोष्टींची यादी दिली आहे: संसर्ग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, अर्थ म्हणजे प्रयोजन, प्रकरण, लिंग म्हणजे खूण, अन्य शब्दाचे सान्निध्य, सामर्थ्य, औचित्य, देश, काल, व्यक्ती म्हणजे व्याकरणातील लिंग, आणि स्वर. या चर्चेतील परंपरागत उदाहरण ‘सैंधव’ शब्दाचे. सैंधव आणा, असे जेवताना म्हटले तर मीठ, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा. हे प्रकरणाचे काम.

‘सेट’ला ही यादी नेमकी लागू पडते. कर्ता सूर्य असेल तर अन्य अर्थ उभेच राहत नाहीत, हे सान्निध्य. सिमेंटला मावळण्याचे सामर्थ्य नाही, म्हणून घट्ट होण्याचाच अर्थ उरतो. ‘सेट’ जिंकला, असे टेनिसच्या मैदानावर म्हणतात, हा देश. निवाडा शब्दासोबत ‘सेट असाइड’ आले की बचतीचा अर्थ गळतो, हे साहचर्य. विसाव्या शतकात भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी शब्दांच्या नेहमीच्या सोबतीवर भर देऊन जे विवेचन केले, त्याची दिशा हीच होती.

मराठीतला ‘सेट’

इंग्रजीतून मराठीत आलेल्या ‘सेट’ने मूळच्या अर्थांपैकी मोजकेच सोबत आणले आणि इथे नवे जोडले. दागिन्यांचा सेट, टीव्हीचा सेट, चित्रपटाचा सेट, केस सेट करणे हे सरळ आलेले अर्थ. क्रिकेटच्या समालोचनात फलंदाज ‘सेट’ होतो, त्याला मराठीत जम बसणे म्हणतात; दोन्हीकडे मूळ क्रिया बसण्याचीच. डाळिंबाच्या बागेत ‘सेटिंग’ म्हणजे फलधारणा. बोलीतले ‘सेटिंग लावणे’ म्हणजे आतून संधान बांधणे. मुलगा नोकरीत ‘सेट झाला’ या प्रयोगात ‘सेटल’ आणि ‘सेट’ हे दोन इंग्रजी शब्द मिसळलेले दिसतात. इंग्रजीत ‘सेटान’ आणि ‘सेक्टा’ मिसळले, त्याच प्रकारचे हे मिश्रण आहे.

याशिवाय एक समरूप शब्दही मराठीत आहे. महाविद्यालयीन अध्यापनाच्या पात्रतेसाठी राज्य पातळीवर घेतल्या जाणाऱ्या परीक्षेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘सेट’ तयार झाला. महाराष्ट्र आणि गोवा या राज्यांसाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठामार्फत होते. वस्तूंचा सेट पुल्लिंगी आणि परीक्षा स्त्रीलिंगी. म्हणून ‘तिने सेट दिला’ आणि ‘तिने सेट दिली’ या वाक्यांत गोंधळ होत नाही. भर्तृहरीच्या यादीतील ‘व्यक्ती’ इथे अर्थ निवडते, आणि हा भेद मराठीला इंग्रजीकडून मिळालेला नाही, तो तिच्या व्याकरणाचा आहे. उच्चाराने जवळचा ‘शेट’ मात्र ‘श्रेष्ठिन्’वरून आलेला असून या कुळाशी त्याचा संबंध नाही.

अशा शब्दाची द्वैभाषिक कोशातील नोंद लिहिण्याचा क्रम या विवेचनातून मिळतो. मूळ निराळे असलेली क्रियापद आणि नाम ही रूपे आधी वेगळी करावी लागतात. मग गाभ्याचा अर्थ देऊन त्यातून फुटलेले अर्थ स्थूलाकडून सूक्ष्माकडे लावावे लागतात. अव्ययांसह येणारे प्रयोग स्वतंत्र द्यावे लागतात, विद्याशाखांचे काटेकोर अर्थ खुणेने दाखवावे लागतात आणि मराठी पर्याय प्रत्येक अर्थापुढे त्याच्या नेहमीच्या सोबत्यासह नोंदवावा लागतो: गजर लावणे, अट घालणे, हाड बसवणे. मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला आणि थॉमस कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी–मराठी कोश १८४७ साली निघाला. तेव्हापासून प्रत्येक कोशकाराला हे काम करावे लागले आहे, आणि बोलीत शब्दाचा नवा सोबती आला की नोंद पुन्हा उघडावी लागते.